नऊ जागा, चार ठिकाणं: फिरत्या नाटकासाठी लाइट डेस्कवर प्रिसेट

दोन अंकी कौटुंबिक नाटक, वाड्याचा एकच सेट, ६४ क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याचे ६४ टप्पे. बेळगावातल्या एका हौशी मंडळानं ते फेब्रुवारीत शहरातल्या बंदिस्त सभागृहात केलं. मग एप्रिल-मेच्या यात्रांच्या दिवसांत ते आणखी तीन ठिकाणी न्यायचं ठरलं: बेळगाव तालुक्यातल्या एका गावात यात्रेच्या उघड्या मंचावर, खानापुरात शाळेच्या पटांगणात आणि शेवटी निपाणीत पुन्हा सभागृहात. सीमाभागातल्या मंडळांना हे फिरणं नवं नाही. नाटक तेच, नट तेच, डेस्क तोच. बदलतात मंचाची रुंदी, दिवे टांगायच्या ट्रसची उंची आणि लाइटवाल्याच्या गाडीतून उतरणारे दिवे. या लेखात त्या चार प्रयोगांमधला प्रकाशाचा प्रोग्राम तपासला आहे: पहिल्या ठिकाणी तो कसा केला होता, दुसऱ्या ठिकाणी का चालला नसता, प्रिसेटवर, म्हणजे डेस्कमध्ये नावानं साठवलेल्या किमतींवर, कसा आणला आणि आणल्यावरही कुठं फसला.

सामान असं होतं. चार एलईडी मूव्हिंग स्पॉट, म्हणजे डेस्कवरून वळवता येणारे दिवे, प्रत्येकी १८ चॅनल (एकेक चॅनल दिव्याच्या एकेका गुणाची आज्ञा नेतो), पत्ते, म्हणजे पहिल्या चॅनलचे क्रमांक, १, १९, ३७ आणि ५५. बारा एलईडी पार ८ चॅनलच्या मोडवर, १०१ पासून १९६ पर्यंत. १००० वॉटचे आठ हॅलोजन पारकॅन १२ चॅनलच्या डिमरवर (उजेड कमी-जास्त करणारा डबा), पत्ता ३०१. सगळं एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे ५१२ चॅनलच्या आत आरामात बसणारं. डेस्क म्हणजे लॅपटॉपवर ग्रँडएमए २ हे सॉफ्टवेअर आणि सोबत विंग, म्हणजे त्याची बटणांची पाटी. स्पॉट १ आणि २ समोरच्या बारवर, ३ आणि ४ मंचावरच्या बारवर.

स्पॉटचा मोड निवडताना पॅन-टिल्टचे (आडव्या-उभ्या वळणाचे) फाइन, म्हणजे बारीक पायऱ्यांचे, चॅनल असलेलाच मोड घ्यायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकू. चॅनल वाचवायला कुणी छोटा मोड लावला की पॅनचे ५४० अंश २५५ पायऱ्यांत वाटले जातात. एक पायरी २.१ अंशांची होते आणि २३ फुटांवर दिवा एकदम १० इंच सरकतो. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं तोंड मग कधी उजेडात, कधी कानापर्यंत अंधारात. तिथं कितीही चांगले प्रिसेट केले तरी उपयोग नाही.

पहिला प्रोग्राम

सभागृहात क्यू थेट आकड्यांनी भरले होते. क्यू १२ मध्ये स्पॉट २ चा पॅन इतके टक्के, टिल्ट इतके टक्के, लाल इतका, झूम इतका. एकाच ठिकाणी एकच प्रयोग करायचा असेल तर यात काही बिघडत नाही, उलट पहिल्या दिवशी वेळ वाचतो. ऑपरेटरनं त्या दिवशी घेतलेला निर्णय त्या दिवसापुरता बरोबरच होता.

दुसऱ्या ठिकाणाचं गणित मात्र वेगळं. ६४ पैकी ४१ क्यूंमध्ये स्पॉटच्या जागा साठवलेल्या होत्या. चारही स्पॉट प्रत्येक क्यूत हलत नव्हते, पण क्यू शीटवर मोजल्यावर पॅन-टिल्टच्या एकूण १३२ जोड्या निघाल्या. एक दिवा नव्या जागेवर नेमका लावायला, माणूस खुणेवर उभा असेल तर, साधारण ४० सेकंद लागतात. १३२ जोड्यांना ८८ मिनिटं.

यात्रेच्या गावात इतका वेळ मिळत नाही. एप्रिलच्या मध्याला बेळगावकडं सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो. उघड्या मंचावर सव्वासातच्या आधी स्पॉटचा गोल धड दिसत नाही, आणि साडेआठला मंचावर सत्कार सुरू होतात. हातात राहतात ७५ मिनिटं. त्यातच माइकवाल्याचं ‘हॅलो, चेक’, नेपथ्यवाल्यांचे खिळे आणि मंचावरून पळणारी पोरं.

याच १३२ जोड्या नीट पाहिल्या तर मंचावरच्या वेगवेगळ्या जागा फक्त नऊ होत्या: मध्य, दार, झोपाळा, तुळस, ओटा, देवघर, जिन्याचा पायथा, माडी आणि डावीकडे पुढची निवेदनाची जागा. नऊ जागा गुणिले चार दिवे म्हणजे ३६ नेम. ४० सेकंदांच्या हिशेबानं २४ मिनिटं. सगळा फायदा या दोन आकड्यांतला आहे.

प्रिसेटवर आणणं

प्रिसेट म्हणजे डेस्कमध्ये एकदा साठवलेली किंमत. क्यू ती किंमत स्वतःकडे ठेवत नाही, ‘झोपाळा’ या प्रिसेटकडे बोट दाखवतो. प्रिसेट बदलला की त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे क्यू आपोआप बदलतात. ग्रँडएमएवर याला प्रिसेट म्हणतात, एव्होलाइट्स आणि कॅमसिसवर पॅलेट. ईओएसवर दोन्ही आहेत: पॅलेटात एकाच जातीची माहिती, प्रिसेटात हवी ती. डेस्क कुठलाही असो, खालची बरीच खबरदारी लागू पडते.

जुना प्रोग्राम मोडून नवा करायची गरज नव्हती. सभागृहातले आकडे बरोबरच होते, त्यामुळे काम लॅपटॉपवर, दिव्यांशिवाय झालं. ज्या क्यूत झोपाळ्यावर चारही स्पॉट बरोबर आहेत तो क्यू लावायचा, त्या किमती प्रोग्रामरमध्ये (डेस्कच्या तात्पुरत्या पाटीवर) घ्यायच्या, पोझिशनच्या पूलमध्ये (जागांच्या प्रिसेटांच्या साठ्यात) स्टोअर करायच्या, नाव द्यायचं. ज्या जागेला दोनच दिवे वापरले होते तिथं उरलेले दोन अंदाजानं भरायचे. नऊही जागांना चारही दिवे भरलेले असावेत, नाटकात त्यातले दोनच लागत असले तरी. प्रयोगाच्या मध्ये एक स्पॉट बंद पडला तर दुसऱ्याला त्याच नावाच्या जागेवर पाठवता येतं. अंधारात एन्कोडर, म्हणजे किमती बदलायची चाकं, फिरवत बसावं लागत नाही.

नंतर एकेक क्यू उघडून त्यातल्या जागेवर प्रिसेट बोलवायचा आणि क्यूत मर्ज करायचा, म्हणजे बाकीचं तसंच ठेवून मिसळायचा. काम कंटाळवाणं, पण अवघड नाही.

प्रिसेट पोझिशनच्याच पूलमध्ये स्टोअर करायचा, ‘ऑल’च्या पूलमध्ये नाही. पोझिशनच्या पूलमध्ये फक्त पॅन-टिल्ट जातं. ‘ऑल’मध्ये प्रोग्रामरमधलं सगळं जातं, तीव्रतासुद्धा. या प्रोग्राममध्ये जिन्याच्या पायथ्याचा प्रिसेट पहिल्यांदा चुकून ‘ऑल’मध्ये गेला होता. दिवा अंधारात जिन्याकडे वळवून ठेवण्यासाठी तो बोलावला आणि दिवा वळता वळता १०० टक्क्यांवर पेटला. सुदैवानं हे तालमीत झालं.

रंगांचं तंत्र जागांसारखं नाही. ग्रँडएमएवर रंगाचा प्रिसेट तीन तऱ्हांनी साठवता येतो. सिलेक्टिव्ह प्रिसेट ज्या दिव्यांत साठवला त्यांनाच लागू होतो, ग्लोबल त्या जातीच्या सगळ्या दिव्यांना, आणि युनिव्हर्सल तो गुण असलेल्या कुठल्याही दिव्याला. युनिव्हर्सल सोपा वाटतो आणि नृत्याच्या कार्यक्रमात तो चालतोही. नाटकात चेहरे असतात. भाड्यानं आलेल्या बारा पारांत आठ एका खेपेचे आणि चार दुसऱ्या खेपेचे होते. दोन्हींवर ‘५४ गुणिले ३ वॉट’ असंच लिहिलेलं, पण एकाच आकड्यावर चारांचा पांढरा हिरवट. म्हणून ‘दिवस-तोंड’, ‘संध्याकाळ’, ‘कंदील’ आणि ‘रात्र’ हे चार रंग सिलेक्टिव्ह ठेवले आणि त्या चार दिव्यांतला हिरवा डोळ्यांनी पाहून उतरवला. बाकीचे दोन, मागच्या पडद्यावरचे, युनिव्हर्सल.

पांढरा जुळवताना रिकाम्या मंचाकडे पाहू नये. मंचाच्या मध्यभागी पांढरं धोतर नेसलेला नट उभा करावा आणि त्याच्या शेजारी पारकॅनचा उजेड पाडावा. पारकॅनमध्ये इथं ली १५२ हा फिकट सोनेरी कागद होता. एलईडीचा पांढरा साधारण थंड असतो. पांढरा पूर्ण ठेवून लाल वाढवत न्यायचा, मग थोडा हिरवा, नाहीतर चेहरा गुलाबी दिसतो. धोतरावर फरक लगेच कळतो. नायिकेची हिरवी नऊवारी ‘कंदील’मध्ये काळी दिसत होती, कारण त्या रंगात लालच सगळा होता. तिथं हिरवा थोडा चढवल्यावर साडी परत साडी झाली.

झूम आणि कडेचा फोकस एकाच प्रिसेटात ठेवले. झूम बदलला की कड बिघडते, त्यामुळे दोन्ही वेगळे ठेवण्यात अर्थ नाही. नावं कामावरून दिली: ‘एक-माणूस’, ‘तिघं’, ‘खिडकी’. अंशांवरून नाव देऊ नये, याला कारण आहे. सभागृहात समोरच्या बारपासून मध्यापर्यंत ३४ फूट अंतर होतं आणि २० अंशांचा झूम तिथं १२ फुटांचा गोल देत होता. गावात हेच अंतर २३ फूट, म्हणून तोच झूम ८ फुटांचा गोल देतो आणि तिघांतला एक अंधारात जातो. तिथं २९ अंश लागतात. ‘२० अंश’ नावाच्या प्रिसेटमध्ये २९ अंश भरलेले असले की तिसऱ्या प्रयोगापर्यंत कुणालाच काही आठवत नाही.

तीव्रतेचे प्रिसेट जवळपास केलेच नाहीत. फक्त दोन: दिवसाचं तोंड आणि रात्रीचं तोंड. प्रत्येक प्रवेशाची पातळी त्या प्रवेशाच्या चालीवर ठरते. ती सगळी चार-पाच प्रिसेटांत कोंबली की एका प्रवेशाला उजेड वाढवताना दुसऱ्याचा वाढतो. काही प्रकाशयोजनाकार तीव्रताही प्रिसेटनंच चालवतात. नाटकाला ते मानवत नाही, असं आमचं मत आहे.

गावातला मंच

मंच २४ फूट रुंद. ट्रस फळीपासून १६ फूट उंच, फळीवर धरलं तर मधल्या खुणेपासून २० फूट पुढं. जनरेटर मंचामागं.

खुणा आधी टेपनं मारल्या आणि टेपवर आकडे लिहिले, डेस्कवरच्या प्रिसेटचे तेच आकडे. मदतीला आलेला पोरगा कन्नड बोलणारा, कधी मराठी, कधी हिंदी. आकडा ओरडला की तो बरोबर जागेवर. त्याच्या हातात पाच फुटांची काठी होती आणि नेम काठीच्या टोकावर धरायचा होता, टेपवर नाही. हे विसरलं तर काय होतं ते मोजता येतं: १६ फुटांवरून २० फूट लांबच्या खुणेवर नेम धरला, तर पाच फुटांच्या उंचीवर उजेडाचा मधला भाग खुणेच्या सव्वासहा फूट अलीकडे पडतो. फळीवर गोल सुंदर दिसतो आणि नटाच्या छातीखालीच उजेड असतो.

प्रत्येक जागेला क्रम एकच. जागेचा प्रिसेट बोलवायचा, म्हणजे दिवे निदान मंचाच्या दिशेला वळतात. हायलाइट चालू करायचं, म्हणजे निवडलेला एकच दिवा पांढरा, पूर्ण पेटतो. स्पॉट १ काठीवर आणायचा, नेक्स्ट दाबायचं, स्पॉट २, तसेच ३ आणि ४. मग स्टोअर, त्याच प्रिसेटवर बोट, आणि पर्याय विचारला की मर्ज. ओव्हरराइट नाही. एकच दिवा सुधारून ओव्हरराइट केलं तर बाकीच्या तिघांची त्या प्रिसेटमधली माहिती जाते आणि त्या क्यूत ते कुठं बघत बसतील याचा नेम नाही. शेवटी क्लिअर, प्रोग्रामर पूर्ण रिकामा होईपर्यंत. प्रोग्रामरमध्ये काही राहिलं की ते क्यूच्या वर बसतं. मग क्यू बरोबर असूनही दिवा हलत नाही आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत राहतो.

३६ नेम आणि झूमचे तीन प्रिसेट सव्वाआठच्या आत झाले. उरलेल्या वेळात जागा असलेले सगळे क्यू भराभर लावून पाहिले. पाच क्यू चुकीचे निघाले.

पाच क्यू का चुकले

पाचपैकी तिघांचं कारण एकच. सभागृहात त्या क्यूंमध्ये स्पॉट थोडेसे सरकवलेले होते. लॅपटॉपवर प्रिसेट भरताना ऑपरेटरला ते आकडे मुद्दाम ठेवलेले वाटले, म्हणून त्यानं हात लावला नाही. एखाद्या क्यूत प्रिसेट बोलावून नंतर एन्कोडर जरासा फिरवला तरी दुवा तुटतो आणि तिथं थेट आकडा बसतो. सभागृहात फरक सहा इंचांचा, म्हणून डोळ्यांना कळत नव्हता. गावात तो आकडा प्रेक्षकांकडे बघत होता.

हे आधी सापडू शकलं असतं. क्यू शीटवर दुवा असलेल्या जागी प्रिसेटचं नाव दिसतं, दुवा नसलेल्या जागी नुसता आकडा. पॅन आणि टिल्टच्या रकान्यांवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली की उघडे आकडे डोळ्यांत भरतात. खरंच मुद्दाम सरकवलेला दिवा असेल तर त्यालाही स्वतःचा प्रिसेट द्यायचा: ‘झोपाळा-पुढे’.

चौथा क्यू दाराचा. तालमीत एकच दार होतं. मंचावर मात्र दाराशी दोन वेगळ्या जागा निघाल्या: एक पात्र चौकटीत उभं राहतं, दुसरं उंबऱ्यावर बसतं. सभागृहातला गोल मोठा होता, दोघंही त्यात मावत होते. गावात अंतर कमी, गोल लहान, आणि उभ्या माणसावर नेम धरल्यावर बसलेला नुसत्या केसांपुरता उजेडात.

“उंबऱ्यावर बस की रे, दारात कशाला उभारलास!” असं ओरडावं लागलं.

प्रिसेट सुधारला तर उभ्याचा क्यू बिघडतो, नाही सुधारला तर बसलेल्याचा. दहावा प्रिसेट करावा लागला, ‘उंबरा’, आणि दोन क्यूंमध्ये तो बसवला. मंचावरच्या जागा संहितेतून नाही, नटाच्या हालचालीवरून मोजायच्या असतात. उभं राहणं आणि बसणं या दोन जागा धरायच्या, टेपची खूण एकच असली तरी.

पाचवा क्यू तपासणीतच बिघडला, आणि तो प्रकार सगळ्यांत घातक. ओट्याचा क्यू चालू असताना स्पॉट ४ थोडा मागं पडलेला दिसला. ऑपरेटरनं तो सरळ केला आणि अपडेट दाबलं. अपडेटच्या यादीत दोन गोष्टी येतात: चालू असलेला क्यू आणि त्या क्यूनं वापरलेला प्रिसेट. घाईत क्यू निवडला गेला. नवा आकडा क्यूत थेट बसला, दुवा तुटला, आणि ओट्याच्या बाकीच्या क्यूंमध्ये स्पॉट ४ चुकीचाच राहिला. त्या रात्रीपुरतं ते खपलं, पण पुढच्या गावात हा क्यू पुन्हा एकटाच चुकीचा निघाला असता. नव्या ठिकाणी, प्रयोगाच्या आधीच्या तासाभरात, अपडेट फक्त प्रिसेटवर करायचं, क्यूवर नाही. त्याच मेन्यूत दोन पर्याय असतात, जुन्यात असलेलंच बदलायचं की नवंही भरायचं. त्यातला पहिला ठेवावा. दुसऱ्यानं प्रिसेटात नको ते दिवे शिरतात.

जनरेटरनंही आपला वाटा घेतला. मंचामागं फूड स्टॉलची लाइनही त्याच्यावरच होती, व्होल्टेज उतरलं आणि पारकॅन तांबूस झाले. हॅलोजनच्या दिव्याला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्के उतरतो. एलईडीवर त्याचा परिणाम दिसत नाही, त्यामुळे दोघांचं जुळवलेलं नातं बिघडतं. इथं तीव्रतेचे ते दोन प्रिसेट कामी आले: ‘दिवस-तोंड’मध्ये एलईडी पारांची पातळी खाली घेतली आणि पारकॅनची वर, एकदाच, आणि पहिल्या अंकाचे सगळे दिवसाचे क्यू सावरले.

खानापूर

मंच २८ फूट, वेळ पुरेसा, म्हणून नेम आधीच धरून झाले होते. दुपारी वळीव येऊन गेला, दिव्यांवर प्लास्टिक होतं, सामान कोरडं राहिलं. मात्र वाऱ्यानं ट्रसला हिसका बसला. संध्याकाळी आधी ‘मध्य’ हा एकच प्रिसेट लावून पाहिला. तीन स्पॉट खुणेवर, स्पॉट १ दोन फूट डावीकडे.

अशा वेळी लगेच प्रिसेट सुधारायचा मोह होतो. आधी दिवा रीसेट करायचा. मूव्हिंग हेडला धक्का बसला किंवा त्याची एखादी पायरी चुकली तर तो स्वतःची जागा विसरतो. रीसेटनं तो पुन्हा शून्यावर जाऊन येतो आणि सगळे प्रिसेट जसेच्या तसे बरोबर होतात. चुकलेल्या दिव्यावर दहा प्रिसेट सुधारून ठेवले आणि प्रयोगात त्यानं स्वतःच रीसेट घेतला, तर दहाही चुकतात. इथं रीसेटनंतरही स्पॉट १ तिथंच होता, म्हणजे क्लॅम्प फिरला होता. शिडी लावून क्लॅम्प सरळ केला, ‘मध्य’ जुळला, बाकीचे नऊ तपासले, हात लावावा लागला नाही. ‘माडी’ तेवढी नव्यानं नेमली, कारण गाडीत मावावी म्हणून नेपथ्यवाल्यांनी तिची चौकी सहा फुटांवरून साडेचारवर आणली होती.

निपाणी

निपाणीत सभागृह चांगलं, पण स्पॉट वेगळे आले: जुन्या पद्धतीचे, डिस्चार्ज दिव्याचे, रंग मिसळणारे नाहीत तर रंगाच्या चाकाचे. सुट्टीच्या दिवसांत लाइटवाल्याकडे जे उरलेलं असतं ते येतं. तक्रार करायला वेळ नव्हता.

नवे स्पॉट वेगळ्या नंबरांनी पॅच केले, म्हणजे डेस्कमध्ये नोंदवले, ११ ते १४. मग क्लोन: फिक्स्चर १ ते ४, अ‍ॅट ११ ते १४. यानं ग्रुप, प्रिसेट आणि क्यू सगळीकडे नव्या दिव्यांची नोंद जुन्यांसारखी होते. जुने दिवे पॅचमधून उडवले नाहीत, फक्त त्यांचे पत्ते काढले. पुढचा प्रयोग ठरला तर ते परत लागले असते.

जागा नव्यानं नेमाव्याच लागल्या, त्यात नवल नाही. खरी अडचण रंगांची. जुन्या स्पॉटवर ‘कंदील’ हा तीन रंगांचं मिश्रण होता, नव्यावर चाकातला एक खण. क्लोननं आलेल्या रंगाच्या किमती इथं निरर्थक, म्हणून रंगाचे सहाही प्रिसेट एकेक करून जवळच्या खणावर न्यायला घेतले. ‘संध्याकाळ’ला जवळचा खणच नव्हता. तिथं स्पॉट पांढरे ठेवून पुढं ली २०५ चा नारिंगी कागद चिकटवायचा विचार झाला, पण मग रात्रही पिवळी झाली असती. शेवटी संध्याकाळचा रंग पारांवर सोडला आणि स्पॉट त्या दोन क्यूंमध्ये २० टक्क्यांवर आणले.

चाकाचा आणखी एक त्रास असतो. पांढऱ्यावरून नारिंगीवर सहा सेकंदांच्या फेडनं गेलं तर चाक मधल्या खणांवरून फिरतं आणि वाड्याच्या भिंतीवर हिरवा-निळा पट्टा सरकताना दिसतो. रंगाला वेगळा वेळ दिला, शून्य सेकंद, आणि जिथं दिवा आधीच्या क्यूत बंद होता तिथं ‘मूव्ह इन ब्लॅक’ लावलं, म्हणजे जागा आणि रंग दोन्ही अंधारातच बदलून घेतले जातात. तीन ठिकाणी दिवा पेटता होता. तिथं रंगबदलच काढून टाकला.

डिस्चार्ज दिवा गरम असताना विझला तर लगेच पेटत नाही, तो थंड होईपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. म्हणून मध्यंतरात दिव्यांचा मेन बंद करू नका, असं सभागृहाच्या वायरमनला आधीच सांगून ठेवलं.

शो फाइल प्रत्येक ठिकाणी नव्या नावानं, ठिकाण आणि तारीख घालून, दोन पेन ड्राइव्हवर ठेवली होती. पुढचा प्रयोग ठरला तर सुरुवात खानापूरच्या फाइलवरून करायची, निपाणीच्या नाही. निपाणीच्या फाइलमध्ये रंगाचे सहा प्रिसेट चाकासाठी बदललेले आहेत आणि तीन रंगबदल गाळलेले आहेत. खानापूरच्या फाइलमध्ये ते शाबूत आहेत, फक्त ‘माडी’ साडेचार फुटांवर आहे.